भाड्याच्या फ्लॅटमधली थंडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडजवळ दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. खिडक्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या. सगळं बंद करूनही रात्री पाय गारठतात आणि पहाटे खोलीत १४-१५ अंश असतात. भिंतीला भोक पाडायचं नाही, असं मालकांनी बजावलं आहे. हीटर घ्यावा का?

हीटर घ्यायचा तर घ्या, पण सगळ्यात शेवटी. आधी फटी बुजवा.

थोडा हिशेब करू. तुमची झोपायची खोली १२ बाय १० फुटांची आणि उंची १० फूट धरली, तर आत साधारण ३४ घनमीटर हवा असते. बाहेर १० अंश आहेत आणि आत २० हवेत. खोलीतली हवा तासाला एकदा बदलत असेल, तर त्यापायी ११०-११५ वॉट उष्णता जाते. ढिल्या सरकत्या खिडक्यांच्या घरात वारा असला की हवा तासाला तीनदाही बदलू शकते. म्हणजे सुमारे साडेतीनशे वॉट गेले. याच खोलीत ५ बाय ४ फुटांच्या साध्या काचेतून शंभरेक वॉट जातात, आणि नऊ इंची विटांच्या एका बाहेरच्या भिंतीतून दोनशेच्या आसपास. भिंत तुम्हाला बदलता येत नाही, काच बदलायला मालक तयार होत नाहीत. फटी मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत, आणि सर्वांत मोठी गळतीही तिथूनच आहे.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. घरातले पंखे बंद करा, खिडक्या-दारं लावा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू करा. तो हवा बाहेर ओढतो, त्यामुळे प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येऊ लागते. मग पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेकडेनं हळू फिरवा (पडदे आधी बाजूला करा). धूर जिथे आडवा होईल तिथे पेन्सिलीनं खूण करा.

सरकत्या खिडकीत बहुतेक वेळा तीन दोष निघतात. पहिला फुकटात दुरुस्त होतो : दोन शटर, म्हणजे खिडकीचे सरकते पल्ले, उलटसुलट लावलेली असतात. दोन्ही शटरच्या मधल्या उभ्या पट्ट्यांना एकमेकींत अडकणारा आकडा असतो, त्याला फॅब्रिकेशनवाले, म्हणजे अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारे, इंटरलॉक म्हणतात. डावं शटर उजवीकडे आणि उजवं डावीकडे सरकवून ठेवलं की हे आकडे अडकतच नाहीत, आणि मध्ये वरपासून खालपर्यंत उभी फट राहते. खिडकी वरवर बंदच दिसते. शटरांच्या जागा बदलून पाहा. मधल्या पट्ट्या एकमेकींत बसल्या आणि कुलुपाची खिट्टी सहज लागली, की जागा बरोबर आहे.

दुसरा दोष वूल पाइलचा. शटरच्या कडेला खाचेत बसवलेली केसाळ पट्टी असते, ती म्हणजे वूल पाइल. काही वर्षांत तिचे केस चपटे होतात किंवा पट्टी तुटून गळून पडते. शटर वर उचलून खालची कड आतल्या बाजूला ओढली की ट्रॅकमधून सुटतं. जुन्या पट्टीचा दोन इंच तुकडा कापून अॅल्युमिनियमच्या दुकानात न्या, कारण पट्टीच्या बुडाची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. उंच पट्टी बसवली तर शटर जाम होतं, बुटकी बसवली तर काहीच फरक पडत नाही. दोन बाय चार फुटांच्या शटरला आतून-बाहेरून मिळून २० ते २४ फूट पट्टी लागते. शटर उचलताना दोघं जण असा, आणि ते काम खोलीच्या आत उभं राहूनच करा. वरच्या मजल्यावरून शटर निसटलं तर खाली माणसं असतात. स्वतःला जमत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा, त्याच्यासाठी हे तासाभराचं काम आहे.

तिसरी जागा म्हणजे खालच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकं. त्यांतून वारा थेट आत शिरतो. तिथे सिलिकॉन अजिबात भरू नका. स्पंजचे छोटे तुकडे खोचा आणि मृगाच्या आधी आठवणीनं काढा. नाही काढले तर पहिल्याच जोरदार सरीत ट्रॅक भरून पाणी गादीपर्यंत येईल.

बाजारात मिळणारी फोमची चिकटपट्टी सरकत्या शटरच्या वाटेत लावू नका, दहा वेळा सरकवलं की ती सोलून निघते. ती बिजागरीच्या दारा-खिडक्यांसाठी आहे. साधा पिवळसर फोम वर्षाभरात भुगा होतो, काळी रबरी ईपीडीएम पट्टी टिकते. लावण्याआधी चौकट स्पिरिटनं पुसून कोरडी करा. आणि पट्टी फटीपेक्षा किंचितच जाड घ्या. जास्त जाड घेतली तर कडी लागत नाही, मग दार ढकलून-ढकलून बिजागऱ्या ढिल्या होतात.

मुख्य दार आणि बाल्कनीचं दार यांच्याखाली हल्ली उंबरठा नसतो, अर्ध्या इंचाची फट असते. दाराखालून दोन्ही बाजूंनी बसणारा दुहेरी फोमचा कापडी रोल मिळतो. त्याला स्क्रू लागत नाही आणि गुळगुळीत टाइलवर तो दाराबरोबर सरकतो. फरशी खडबडीत असेल तर जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन किलो कोरडी वाळू भरून, दोन्ही तोंडं शिवून रात्री दाराशी आडवा टाकला तरी काम होतं.

बाथरूमच्या लूव्हर्सच्या काचांसमोर सनपॅकची (पोकळ प्लास्टिकची) शीट कापून वेल्क्रोनं चौकटीला लावता येते. पण बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर त्या झरोक्याला हातही लावू नका. स्वयंपाकघराचे झरोकेही तसेच राहू द्या. सिलिंडरचा एलपीजी जड असतो, तो खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो. दोघांनाही बाहेर पडायला वाट हवी. स्वयंपाकघर थंड राहिलं तर राहू दे. मधल्या दारात जाड पडदा सोडा.

आता वेळेबद्दल. नाशिकला हिवाळ्यातही दुपारी पंचविशीच्या पुढे पारा जातो. ही उष्णता भिंतीत साठवता येते. सकाळी अकराच्या सुमाराला दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे पूर्ण बाजूला सारा आणि खिडक्याही उघडा. २१ डिसेंबरच्या आसपास नाशिकला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन बरंच आत येतं. आणि खिडक्या साडेचारला लावून घ्या. बहुतेक घरांत त्या दिवेलागणीला लागतात, तोवर दिवसभराची कमाई निघून गेलेली असते.

पडदा लांब आणि अस्तराचा घ्या. तो भिंतीपासून सुटा लोंबत राहिला तर त्याच्यामागे गार झालेली हवा खालून पायांशी उतरते आणि वरून गरम हवा ओढली जाते. पायांना लागणारा गारठा अनेकदा हाच असतो. खिडकीच्या कोनाड्यात आडवा ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड वापरलात तर भोकही पाडावं लागत नाही आणि पडदा कोनाड्याला चिकटून राहतो. उत्तरेच्या, न उघडणाऱ्या काचेला बबल रॅप लावा : काचेवर पाणी फवारा, बुडबुड्यांची बाजू काचेकडे करून दाबा. पाण्यानंच तो चिकटतो, मार्चमध्ये ओढून काढला की डाग राहत नाही. बाहेरचं दिसत नाही, उजेड मात्र येतो.

व्हिट्रिफाइड टाइल खोलीतल्या हवेइतकीच थंड असते, पण पायाची उष्णता झरझर ओढून घेते. पलंगाच्या कडेला आणि बसायच्या जागी खाली चटई आणि वर सतरंजी किंवा घोंगडी अंथरा. अख्खं घर झाकायची गरज नाही.

एवढं करून साधा थर्मामीटर खोलीत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंड हवामानात घरातलं तापमान किमान १८ अंश असावं. वृद्ध, लहान मुलं आणि आजारी माणसांना त्याहून जास्त लागू शकतं. फटी बुजवून तुम्ही १७-१८ वर पोचलात, तर हीटर झोपण्याआधी अर्धा तास पुरेल. मात्र झोपायची खोली अगदी डबाबंद करू नका. दोघं-तिघं झोपत असाल तर आतलं दार किलकिलं ठेवा.

प्रश्न : पुण्यात पौड रोडला राहतो. २००० वॉटचा हीटर घेतला. प्लग इतका तापतो की हात लाववत नाही, आणि गिझर सुरू असला की एमसीबी (बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. हीटर सदोष आहे का? ऑइलचा हीटर घेतला तर वीज वाचेल का?

हीटर बहुतेक ठीक आहे, सॉकेट चुकीचं आहे. २००० वॉटला २३० व्होल्टनं भागा : जवळजवळ ८.७ अँपिअर. मोबाइल, टीव्ही लावायचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. तिथे हा हीटर चालवायचाच नाही. मोठ्या पिनचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर आणि साधा एक्स्टेन्शन बोर्ड ही दोन्ही या कामी घातकच. हीटरला भिंतीतलं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, त्यामागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंग हवं.

१६ अँपिअरच्या सॉकेटमध्येही प्लग तापत असेल तर आतल्या पट्ट्या ढिल्या झाल्या आहेत. ढिल्या जोडात उष्णता तयार होते, तिनं पट्टी आणखी ढिली होते, आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत चालतं. एमसीबी यात काहीच करत नाही, कारण त्याला प्रवाह नेहमीएवढाच दिसतो. दहा मिनिटं हीटर चालवा, भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढून पिना न शिवता त्याचं प्लास्टिक चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट बदलून घ्या. हे काम मालकांचं. करपलेल्या सॉकेटचा फोटो लेखी निरोपासोबत पाठवा, तोंडी सांगण्यापेक्षा लवकर काम होतं.

एमसीबी पडतो कारण ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर एकटाच १३ अँपिअर घेतो. दोन्ही एकाच १६ अँपिअरच्या सर्किटवर असतील तर बेरीज २१ च्या पुढे जाते. मोठा एमसीबी बसवून घेणं हा यावरचा उपाय नव्हे. मग वायर जळेपर्यंत तो पडणारच नाही. दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या वेळी वापरा.

ऑइलच्या हीटरनं वीज वाचत नाही. कॉइल, क्वार्ट्झ, ब्लोअर, ऑइल : एका युनिटची उष्णता सगळ्यांत सारखीच. फरक ती कशी मिळते यात आहे. क्वार्ट्झच्या ४०० वॉटच्या नळ्या समोर बसलेल्या माणसाला तापवतात, खोलीला फारसं नाही. टेबलाशी अभ्यास करणाऱ्याला एक नळी पुरते. ब्लोअर हवा चटकन तापवतो, आणि बंद केला की दहा मिनिटांत ती गार भिंतींत जिरते. ऑइलचा रेडिएटर सावकाश तापतो, आवाज करत नाही आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे आपोआप, चालू-बंद होतो, त्यामुळे तासनतास लागणार असेल तर तोच बरा. कोणताही घ्या, पण आयएसआय चिन्ह आणि आडवा पडल्यास बंद होणारी कळ पाहूनच.

खरी बचत हॉट अँड कोल्ड एसीनं होते. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून एका युनिटमागे तीनच्या आसपास युनिटांची उष्णता देतो. घरात मालकांचा एसी असेल तर मॉडेल क्रमांकावरून खात्री करा. रिमोटवर सूर्याचं चिन्ह दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तोच रिमोट फक्त थंड करणाऱ्या यंत्रांबरोबरही दिला जातो.

२००० वॉटचा हीटर रोज चार तास पूर्ण चालला तर महिन्याला २४० युनिट वाढतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, तेव्हा वाढलेली युनिटं वरच्या, महाग टप्प्यात पडतात. याउलट १०० वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आठ तासांत ०.८ युनिट घेतं, महिन्याला २४. एकट्या माणसाला आमचा सल्ला ब्लँकेटचाच आहे. ते गादीवर सपाट पसरा, चादरीखाली ठेवा, घडी घालून चालवू नका. तान्ह्या बाळाला आणि मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना मात्र ते नको, कारण चटका बसलेला कळत नाही.

प्रश्न : हीटर लावला की घसा कोरडा पडतो. हीटरपुढे पाण्याचं भांडं ठेवावं का?

हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही. १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा तापवून २२ अंशांवर नेली की तेवढ्याच बाष्पाची सापेक्ष आर्द्रता ३२ टक्क्यांवर येते, म्हणून कोरडं वाटतं. भांड्यातून वाफ फारच थोडी उठते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओला, पिळलेला पंचा वाळत घाला. हीटरवर नाही, हीटरपासून निदान मीटरभर लांब. सर्वांत सोपं म्हणजे तापमान दोन अंशांनी कमी ठेवा.

प्रश्न : नागपुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर आहोत. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. भाडेकरू म्हणून काय करता येईल?

निरभ्र रात्री गच्चीचा स्लॅब आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकतो आणि पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेहूनही थंड होऊ शकतो. मग खाली झोपलेल्या माणसाच्या अंगची उष्णता त्या थंड छताकडे जाते. हवा १८ अंश असूनही हुडहुडी भरते ती यामुळे. गच्चीवर इन्सुलेशन घालणं सोसायटीचं काम, भाडेकरूच्या आवाक्यातलं नाही. छताला आतून थर्माकोल चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो.

माणूस आणि छत यांच्यात काहीतरी आणा. मच्छरदाणीच्या चार दांड्यांवर जाड सुती चादर छतासारखी ताणली की पलंगावर चांदवा होतो आणि फरक त्याच रात्री जाणवतो. बाजू उघड्या ठेवा, आणि चांदव्याजवळ हीटर नको. पलंग बाहेरच्या भिंतीपासून अर्धा फूट सरकवा. आणि गादीखालचा थर वाढवा : अंगावर तीन पांघरुणं घेऊनही गारठा खालून येतो, कारण दबलेला कापूस उष्णता अडवत नाही. वरची एक गोधडी काढून गादीवर अंथरली तर जास्त ऊब मिळते. अंगावर आधी मऊ चादर, मग सोलापुरी, मग गोधडी.

प्रश्न : दिल्लीत बदली झाली आहे. शेजारी रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल ना?

नाही. झोपायच्या खोलीत कोळसा, लाकूड, गॅसची शेगडी, काहीही नाही. धगधगता कोळसा धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते. झोपेतल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. किती खिडकी उघडी म्हणजे पुरेशी, याचं सुरक्षित माप नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशानं माणसं दगावतात. महाराष्ट्रात तेच बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे घडतं. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला हवा. तसा नसेल तर आजच मालकांना लिहा. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग दार लावा. कुणी बेशुद्ध आढळलं तर आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत स्टुटगार्टला शिकते. जुन्या इमारतीत भाड्याची खोली आहे. रेडिएटर वरून थंड, खालून गरम. शिवाय कोपऱ्यात काळी बुरशी. घरमालक म्हणतात, तूच हवा खेळती ठेवत नाहीस.

तिथल्या रेडिएटरमधून इमारतीच्या यंत्रणेचं गरम पाणी फिरतं. वरचा भाग थंड म्हणजे आत हवा अडकली आहे. रेडिएटरच्या वरच्या टोकाला छोटा चौकोनी नट असतो, त्याची पाच मिलिमीटरची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाली पेला धरून नट पाव ते अर्धा फेरा फिरवायचा. हवा फुसफुसत निघते, पाण्याची धार लागली की लगेच बंद. पाणी गरम असतं. नंतर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्याला, कळवायचं, कारण इमारतीच्या यंत्रणेचा दाब उतरलेला असू शकतो.

थर्मोस्टॅटवरचा ३ म्हणजे सुमारे २० अंश, २ म्हणजे १६. ५ वर ठेवून खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. त्याच्यावर पडदा किंवा समोर सोफा असेल तर त्याला खोली गरम झालीशी वाटते आणि तो वेळेआधीच बंद होतो.

बुरशीच्या बाबतीत मालकांचं निम्मं खरं असू शकतं. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तर हवा नीट बदलत नाही, उलट वरची भिंत गार पडून तिथे दव धरतं. दिवसातून दोन-तीनदा, आणि भात-कुकर किंवा आंघोळीनंतर, रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर दूर. खोलीतल्या खोलीत कपडे वाळवले तर आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाते. घराबाहेर जातानाही रेडिएटर पूर्ण बंद न करता २ वर ठेवायचा.

एवढं करूनही खोली तापत नसेल तर दोष घराचा. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात राहत्या खोलीत दिवसा २० ते २२ अंश मिळावेत, असंच तिथली न्यायालयं मानत आली आहेत. तारीख, वेळ, तापमान यांची नोंद आणि बुरशीचे फोटो जोडून मालकांना लेखी तक्रार करायला सांगा. भाडं मात्र स्वतःच्या मनानं कापू नये. आधी भाडेकरू संघटनेचा, म्हणजे मीटरफेराइनचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : गरम पाण्याची रबरी पिशवी फुटली. किती पाणी भरायचं?

दोन तृतीयांश. उकळतं नको, गॅस बंद करून पाच-दहा मिनिटांनी भरा. बूच लावण्याआधी पिशवी आडवी करून, पाणी तोंडाशी येईपर्यंत हवा काढा. आत राहिलेली हवा फुगते आणि सांधा उकलतो. वर कापडी खोळ हवीच. घडीच्या जागी बारीक भेगा दिसू लागल्या की पिशवी टाकून द्या.